'बंद' कुणी लिहिलं?

म्हातारा बेकरीवाला डायलिसिस केंद्राच्या जिन्यात पडलेला सापडला, तेव्हा वर केंद्राच्या दाराला कुलूप होतं. यंत्रांच्या दुरुस्तीमुळे त्या दिवशीच्या सगळ्या पाळ्या आदल्या दिवशीच उरकल्या होत्या. इतरांना तसा मेसेज गेला, त्याला गेला नाही. तो आपला नेहमीसारखा काठी टेकत आला, दार उघडायची वाट बघत बसला आणि बसल्या जागी कोसळला.

जीव वाचला. त्याच्या मुलीने मोबाइल कंपनीकडे तक्रार केली आणि ती फाइल तपासनीस बाईंच्या टेबलावर येऊन पडली.

बाईंना या कामाचा शीण आला होता. कुठल्या दुकानाने कुणाला न विचारता मेसेज पाठवले, कुठल्या दवाखान्याचे अडले आणि का अडले, यातच त्यांची नोकरी सरत आली होती. दोन्हीकडचे लोक शेवटी चिडायचे ते त्यांच्यावरच.

संगणकाने उत्तर लगेच दिलं. केंद्राने मेसेज पाठवला होता, कंपनीनेच तो अडवला होता. कारण त्याआधीच्या सोमवारी सकाळी म्हाताऱ्याच्या फोनवरून केंद्राला एका शब्दाचं उत्तर गेलं होतं: 'बंद'.

नियम साधा होता. एखाद्या धंद्याचे मेसेज नको असतील तर ग्राहकाने 'बंद' लिहून पाठवायचं. मग त्या धंद्याचं एक अक्षरही कंपनी त्या फोनवर जाऊ देत नाही. दुसरं काहीही लिहिलं तर यंत्राला ते कळत नाही.

साहेब म्हणाले, मग झालं तर, फाइल मिटवून टाका. बाईंनाही ते आवडलं असतं. पण मरता मरता वाचलेल्या माणसाला एकदा विचारावं तरी, म्हणून त्या जड पायांनी उठल्या.

इस्पितळात म्हातारा उशीला टेकून बसला होता. मुलगी शेजारी टॉवेलची घडी घालत होती. तिचं कपडे दुरुस्त करायचं दुकान होतं. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी बाबांना केंद्रावर सोडायचं, दुकान उघडायचं, पाळी संपली की आणायला जायचं, असा तिचा क्रम. पडला त्या दिवशीही तिने त्याला जिन्यापाशी सोडलं होतं.

"मेसेज तुम्ही बंद केलेत?" बाईंनी विचारलं.

म्हाताऱ्याने आधी मुलीकडे पाहिलं. "हो. मीच."

"काय लिहिलंत?"

"लिहिलं... यापुढे पाठवू नका म्हणून."

"कुठे बसून?"

"घरी. रात्री जेवण झाल्यावर."

मुलगी घातलेली घडी मोडून पुन्हा घालू लागली.

बाईंनी त्याचा फोन मागून घेतला. 'बंद' हे उत्तर त्यात नव्हतंच, कुणीतरी पुसलं होतं. केंद्राचे जुने मेसेज मात्र होते. मेसेज नको असल्यास काय लिहायचं, ती ओळ प्रत्येक मेसेजच्या शेवटी असावी असा कंपनीचा नियम. केंद्राने ती कधीच घातलेली दिसली नाही.

बाहेर मुलीने त्यांना गाठलं. बाबा हल्ली सारखे 'पुरे झालं आता' म्हणतात, असं ती खालच्या आवाजात म्हणाली. त्यांनी मुद्दाम केलं असेल तर तसं कागदावर नका आणू, एवढीच तिची विनवणी होती.

केंद्रात शिरताच काउंटरवरच्या बाईने त्यांचा फोन एका निळ्या टोपलीत ठेवायला लावला. आत फोन चालत नाही, पेशंटचेही इथेच राहतात, असं तिने हसून सांगितलं. शेजारच्या बाकावर एक मध्यमवयीन माणूस बसला होता. पाय इतके सुजलेले की चपला निम्म्याच आत गेल्या होत्या. तिने आपला चहाचा कप त्याच्यापुढे केला. "दादा, दोनच घोट. जास्त पाणी चालत नाही तुला."

बाईंनी विचारलं, "मेसेज अडला तर तुम्हाला कळतं?"

"कळतं. माझ्याच स्क्रीनवर येतं. मग फोन करायचा असतो. त्या दिवशी गडबडीत राहून गेलं."

"कंपनीकडे मेसेजची नोंदणी कुणी केली?"

"मीच. डॉक्टरांना कुठे वेळ असतो?"

"पाळ्या चुकवल्या तर?"

"जागा जाते. बाहेर वाट बघणारे कमी आहेत का?"

बाईंनी तिला डॉक्टरांच्या खोलीत यायला सांगितलं. दार लावून त्या खुर्चीत बसल्या आणि थकल्या आवाजात बोलू लागल्या.

"म्हातारे खोटं बोलले. ते म्हणतात रात्री घरून पाठवलं, आणि उत्तर गेलंय सोमवारी सकाळी. त्या वेळी ते आत यंत्राला जोडलेले होते आणि फोन तुमच्या टोपलीत होता. मुलगी तिच्या दुकानात होती. शिवाय म्हातारे सांगतात तसं वाक्य लिहून मेसेज बंद होतच नाहीत. त्याला नेमका शब्द लागतो. तुमच्या मेसेजमध्ये तो कधी छापलाच नाही, तर त्यांना कळणार कुठून? इथे तो माहीत होता फक्त नोंदणी करणाऱ्याला. मेसेज अडल्याचं कळूनही त्यांना फोन गेला नाही. आणि म्हाताऱ्यांची जागा सुटली तर ती हवी असलेला माणूस बाहेर बाकावर बसलाय. तुम्ही त्याला दादा म्हणता."

डॉक्टरांनी मान वर केली. तो तिचा भाऊ आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

काउंटरवरची बाई म्हणाली, "दोन-तीन पाळ्या चुकल्या की जागा दादाला मिळेल, एवढंच डोक्यात होतं. ते पडतील असं वाटलं नव्हतं."

"पाळी चुकली की काय होतं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?" बाईंनी विचारलं.

त्यावर ती रडलीही नाही. दादाचं आता काय, एवढंच तिने विचारलं. त्याचा नंबर येईल तेव्हा येईल, असं म्हणून डॉक्टरांनी पोलिसांना फोन लावला.

बाई परतताना पुन्हा इस्पितळात गेल्या आणि दोघांना सगळं सांगितलं.

"म्हणजे तू नव्हतीस?" म्हाताऱ्याने मुलीला विचारलं.

"मी?" ती थबकली. "बाबा, मला तर वाटत होतं, तुम्ही..."

"मला वाटलं, तू दमलीस. म्हणून म्हटलं, माझ्या नावावर जाऊ दे."

ती पलंगाच्या कडेवर बसली. "आणि ते सारखं 'पुरे झालं' म्हणता ते?"

"कंटाळतो गं. रोज कंटाळतो. पण जायचं असतं तर तुला सांगून गेलो असतो."

"मीपण कंटाळलेय, बाबा."

"माहीत आहे," म्हातारा म्हणाला, आणि तिला बसायला नीट जागा व्हावी म्हणून पलंगावर थोडा सरकला.