भिंतीवरचा वाघ

सोमवारी शाळेच्या फाटकातून आत शिरले, तर भिंतीवरून एक सिंह माझ्याकडे बघत होता. शिडीवर पेंटर.

“हे काय काढलंत?”

“राष्ट्रीय प्राणी हाय, बाई.”

“सिंह होता. आता वाघ झालाय... पेपरात आलंय.”

तो खाली उतरला. रापलेला चेहरा, भुवईवर पिवळा ठिपका. मी जरा जास्तच बघितलं.

“म्या तुळजापूरचा भीमाशंकर. जलमभर देवीचा सिंह काढलाय. वाघ कुणी पाह्यलाय हो?”

“मग आयाळ पुसा, पट्टे ओढा.”

“तुमी हितं उभ्या ऱ्हावा, म्हंजे जमंल.”

त्र्याहत्तरचा दुष्काळ. लोहाऱ्यातली अर्धी पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला गेलेली. वर्ग निम्मा रिकामा, आणि माझं मन तर शिकवण्यात नव्हतंच. दर तासाला बाहेर जाऊन मी चूक काढायची. मिशा आखूड झाल्या. पट्टे कमी पडले. शेपूट तर तीनदा बदलायला लावली. तो हसायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा.

खरं सांगू? वाघ बुधवारीच झाला होता. पण काम संपलं की तो एसटीनं जाणार, आणि रविवारी उमरग्याचे पाहुणे मला बघायला येणार. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, स्थळ आधीच पसंत होतं. त्याच्या आत ह्यानं काहीतरी बोलावं म्हणून माझा जीव नुसता खालीवर होत होता. मुलीच्या जातीनं आपणहून कसं बोलायचं!

शुक्रवारी दुपारी त्यानं रंगाचे डबे बांधले. मी धावतच गेले.

“तो डोळा... डावा डोळा जरा तिरपा—”

“सिद्धम्माबाई,” त्यानं पहिल्यांदाच नाव घेतलं, “वाघात आता चूक न्हाय. माज्यात आसंल तर सांगा.”

समोर एसटी येऊन थांबली होती.

“एकच आहे... तुम्ही विचारत नाही. आणि रविवारी मला बघायला पाव्हणे येतायत.”

त्यानं मग एकदम डबे माझ्या पायाशी ठेवले.

“मंग ही गाडी घावलीच पायजे! उद्याच आईला घिऊन येतो, तुमच्या अण्णांकडं.”

तो पळत सुटला. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली... आणि बुधवारपासून त्याची हीच गाडी चुकवणारी मी, पदर खोचून, साऱ्या शाळेदेखत ओरडले,

“ओ कंडक्टर, थांबा! आमचा माणूस राहिलाय!”