सणाची गोळी

मेडिकलवाल्या भरतभाईपुढं वत्सला मान खाली घालून कुजबुजली. त्यानं नेहमीसारखी गोळ्यांची पट्टी कागदात गुंडाळून दिली. शेजारी पोळलेल्या हाताला मलम घ्यायला एक तरुण उभा होता, कोपरापर्यंत निळा. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवणारा रामदास.

"एवढं लपवून काय नेतेस?"

"सणाची गोळी."

"सणालाबी गोळी लागते?"

"बायांना लागते." तिनं छत्री उघडली. तो हसला, ती नाही.

मग तिच्या वस्तीत, गोडादऱ्याच्या नळावर तो रोजच दिसू लागला... हंडा उचलून द्यायचं निमित्त, उगाच रेंगाळणं. शेवटी तिनं सांगूनच टाकलं. ती पाळी पुढं ढकलायची गोळी. घरात देव आला की आई, मालतीबाई, पट्टी आणायला पिटाळायची. गेल्या नवरात्रानंतर रक्त थांबेचना. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, अंगातले हार्मोन आपापल्या वेळी चढतात-उतरतात, त्यांना दर सणाला फसवू नकोस. आईचं मात्र एकच, "गोई लई ले. कानबाई तुनाकरता थांबाव नई."

"मग घेऊ नकोस," रामदास म्हणाला.

"तुझं काय जातं बोलायला? भाऊबंद जमतील. मला बाहेर बसवतील, गल्लीदेखत."

"मी येईन ना गल्लीत."

कानबाई खानदेशची देवी, म्हणजे बाईच. तिला बाईच्या रक्ताची शिसारी येते, हे कोणत्या मेल्यानं ठरवलं कुणास ठाऊक.

श्रावणातल्या रविवारी देवी बसली. वत्सलानं पट्टी मोरीत फेकली होती. सकाळीच पाळी आली, तिनं आईला सरळ सांगितलं. आईनं पायरीवर गोणपाट टाकलं. आत देवीच्या प्रसादाचे रोट वाढले जात होते. काकू येता-जाता टोचत होती, एवढीशी गोळी गिळायला काय जीव जात होता का पोरीचा.

भुरभुर पावसात रामदास आला आणि तिच्या शेजारीच टेकला. आतून कुणी बोलावलं नाही. रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याला कणही द्यायचा नाही. तोही खानदेशचाच, त्याला ठाऊक होतं.

"मला देणार नाहीत. तुलाही नाही." त्यानं डबा उघडला. भाकरी, ठेचा. "घे."

"शिवलास तर—"

"शिवलो." अर्धी भाकर तिच्या हातात आली, पण त्याची निळी बोटं तिथंच राहिली... "माझ्या घरात कानबाई बसेल तेव्हा तू आत असशील. पाळी असली तरी. येशील?"

मालतीबाई दारात येऊन उभी राहिली. वत्सलानं हात सोडवला नाही.

"येईन," ती म्हणाली. आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.