रुखमाबाईंचा अंतरा

सावनेरच्या रुखमाबाई, त्यांची लेक सुभद्रा आणि सुभद्रेची लेक सिंधूताई, अशा तीन पिढ्यांनी जपलेली जयजयवंतीची एक चीज सिंधूताईंच्या लेकीकडे, प्रेमलताबाईंकडे आली. प्रेमलताबाईंना आता अठ्ठ्याहत्तरावे वर्ष लागले होते आणि ती चीज दूरचित्रवाणीवर जायची होती.

घराबाहेर ती एकदाच गायली गेली होती. रामदासपेठेतल्या एका बंगल्यात बड्या मंडळींची बैठक होती. शेतकऱ्याघरची बाई पुरुषांसमोर गायला बसते, एवढ्यावरून श्रोत्यांनी आधीच ठरवून ठेवले होते की दाद द्यायची नाही. चीजेचा पहिला भाग, अस्थाई, संपेपर्यंत एकही मान डोलली नाही. रुखमाबाई पुढचा भाग, अंतरा, न गाताच उठल्या. त्यानंतर ती चीज या घरच्या लेकींनीच ऐकली आणि लेकींनाच शिकवली.

म्हणून प्रतापनगरचा हर्षित, गाणाऱ्यांच्या घराण्यांवर विनोदी मालिका करणारा शेजारचा मुलगा, शेवटच्या भागासाठी जुनी चीज मागायला आला, तेव्हा प्रेमलताबाई नाहीच म्हणणार होत्या. पण त्याने चित्रीकरणाचा पत्ता सांगितला. बंगला तोच होता. हर्षितला त्याची गंधवार्ता नव्हती.

"मी स्वतः गाईन," त्या म्हणाल्या. "आणि अंतऱ्यासकट गाईन. कात्री लावायची नाही."

मे महिना होता. दिवाणखान्याच्या खिडक्यांत मोठाले कूलर लावले होते, पण आवाज नको म्हणून चित्रण सुरू होताना ते बंद करीत. मग वाळ्याचा ओला वास तेवढा रेंगाळे आणि उकाडा अंगावर चढे. श्रोते म्हणून सावनेरहून रोजावर माणसे आणली होती. त्यांना टोप्या, उपरणी घालून आणि नऊवारी नेसवून गाद्यांवर बसवले होते. प्रसंग काय आहे, हे हर्षितने तेव्हा कुठे सांगितले.

"आजी, सीन मजेदार आहे. तुम्ही गाऊन राहिल्या, अन् पूर्ण पब्लिक झोपून राहिली."

"झोपून?"

"म्हणजे कॉमेडी आहे ना, आजी. रागवू नका."

मागून एक पोरगी खुदकन हसली. तिच्या शेजारणीने तिला दटावले, "अवं मोनाली, झोपाचे पैसे भेटून राहिले, हसाचे नाही."

उठून जाणे सोपे होते. प्रेमलताबाईंनी पदर सावरला. या जागेवरून त्यांच्या घरची बाई एकदा उठून गेली होती. दुसरी उठणार नव्हती.

"चालेल," त्या म्हणाल्या. "झोपवा त्यांना."

तालीम सुरू झाली. त्या चिजेत रुखमाबाईंनी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, लपवून ठेवली होती. आवर्तन आता इथे टेकणार असे कानाला वाटे, आणि ते निसटून भलत्याच अक्षरावर येऊन टेके. पहिल्यांदा ऐकणारा तिथे हमखास फसे. तबल्यावर हयात घालवलेले महादेवरावदेखील फसले आणि ओशाळून हसले.

"बाई, पायाखालची पायरीच काढून घेतली तुम्ही."

तेवढ्यात ध्वनिमुद्रण करणाऱ्याने कानांवरचे हेडफोन काढले. बारीक फुसफुस ऐकू येते, म्हणाला, गॅसबत्ती पेटवल्यासारखी. कूलर तपासले. सगळे बंद होते.

दुसऱ्या तालमीत प्रेमलताबाईंची नजर पहिल्या रांगेतल्या चंपतरावांवर गेली. हा सावनेरचा रिकामटेकडा म्हातारा डोळे मिटून, तोंड किंचित उघडे टाकून खरोखरच झोपला होता. समेवर त्याचे बोट गुडघ्यावर पडले. अगदी नेमके. पुढच्या आवर्तनात त्याच्या शेजाऱ्याचेही पडले.

त्यांनी कोणालाच काही सांगितले नाही. वाळ्याचा वास मावळला होता. त्या जागी हिन्याच्या अत्तराचा वास येत होता, कपड्यांत फार दिवस राहून शिळा झालेला.

"आजी, रेडी?"

"गाते."

अस्थाई सुरू झाली. मिटल्या डोळ्यांच्या माना वर आल्या. हात उचलले गेले आणि लपवलेल्या समेवर एकदम खाली आले. एकही चुकला नाही. मोनालीचाही नाही.

ते समेच्या मागून येत नव्हते. समेच्या आधीच तिथे जाऊन थांबत होते, एकदा ऐकलेल्या माणसांनी थांबावे तसे.

प्रेमलताबाईंच्या ते ध्यानात आले. आवाज मात्र हलला नाही. त्यांनी अंतरा उचलला.

हात वर आले. समेपाशी अडखळले. चुकीच्या जागी पडले.

हे त्यांनी ऐकलेले नव्हते.

प्रेमलताबाई मनात हसल्या. त्यांनी ओळ परत घेतली. सावकाश घेतली, आढ्यतेने घेतली.

या खेपेला सारे हात एकत्र पडले. मिटलेल्या ओठांआडून एक दबलेला उद्गार उठला आणि छतापर्यंत गेला.

मग त्या गायल्या. हर्षित 'कट' म्हणायचे विसरला. महादेवरावांनी डोळे मिटून घेतले होते. प्रत्येक समेला अख्खी बैठक झुकत होती आणि प्रत्येक समेला प्रेमलताबाईंची मान अधिक ताठ होत होती. त्यांना हवे तेव्हाच त्यांनी गाणे संपवले.

कूलर सुरू झाले. माणसे चुळबुळत जागी झाली.

"झालं का वं?" मोनालीने जांभई दिली. "मले तं खरंच झोप लागून गेली होती."

हर्षित कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत राहिला होता. प्रेमलताबाई कोणाचाही हात न धरता उठल्या. या खोलीत जे द्यायचे राहिले होते ते आज आले होते, अंतऱ्यासकट, पुरते. घेणारीने ते मान वर ठेवून घेतले होते.

दारापाशी चंपतराव उभे होते. त्यांच्यामागे मोनाली मोबाइलच्या काचेत आपला चेहरा न्याहाळत होती. बाकीची माणसेही थांबली होती आणि आपापले तळवे बघत होती.

"बाई," चंपतराव हळूच म्हणाले, "मी काही रडलो नाही. मग माहे गाल ओले काहून आहेत?"

"पुसून टाका, चंपतराव," प्रेमलताबाई म्हणाल्या. "ती आसवे तुमची नाहीत."