चाव्यांचा जुडगा

मानपाड्याच्या नाक्यावर कादंबरीची चावी स्कूटीच्या डिकीत राहिली, सीट खटकन बंद झाली, आणि समोरच्या चावीवाल्याने चक्क नकार दिला.

"आधी आरसी दाखवा. मोबाईलवर असेल ना?"

"म्हणजे मी चोर वाटते?"

"तुम्ही नाही हो... मी वाटतो. दुसऱ्याची गाडी उघडली तर पोलीस मलाच उचलणार."

सुशांत त्याचं नाव. कॉलेजात असताना मित्राच्या बाईकवर मागे बसला आणि बाईक निघाली चोरीची. कोर्टाने सोडलं, नाक्याने नाही. कादंबरी समाजशास्त्रात एमए करत होती. तिचे डोळेच चमकले.

"अरे, हेच तर शिकतो आम्ही! सगळ्यांनी चोर-चोर म्हटलं ना, की माणूस एक दिवस खरंच—"

"आणि कुणी हिरो म्हटलं तर?"

"आधी दाढी कर," ती बोलून गेली आणि स्वतःच लाजली.

दुसऱ्या दिवशी दाढी केलेली होती! मग काय, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला शिव्या घालत बाईसाहेब मानपाड्याला हजर. कटिंग चहा, गुन्हेगारीची सामाजिक कारणं, मध्येच एखादी चोरटी नजर... कारणं कधी मागे पडली, दोघांनाही कळलं नाही.

एका रविवारी तिने त्याला घरी नेलं. आईबाबांना सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. "बसा, सुशांत," बाबा मोकळेपणाने म्हणाले. आई पोहे आणायला आत गेली. सगळं कसं छान चाललं होतं, आणि कादंबरीने टीपॉयवरचा घराच्या चाव्यांचा जुडगा उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. का, ते तिलाही कळलं नाही. सुशांतने पाहिलं. पोहे मात्र त्याने संपवले.

ती लिफ्टपर्यंत सोडायला आली.

"अरे, मी प्लेट ठेवायला जागा—"

"नुसत्या बघून चाव्या बनत नाहीत, मॅडम."

मॅडम! एवढं शिकून शेवटी तिनेही तेच केलं होतं.

"माझं प्रेम आहे रे तुझ्यावर... शप्पथ."

"माहितीये. माझं पण आहे. पण आत पोहे खाताना दुसरा हात मी मांडीखाली दाबून बसलेलो, कुठे लागला असं कुणाला वाटायला नको म्हणून. असं रोज नाही जमणार गं."

लिफ्ट आली. तिला 'थांब' म्हणायचं होतं... पण कुठल्या तोंडाने म्हणणार?