बिनवजनाची पावलं

आवाज न करता जिना चढण्यात अख्ख्या कोपरखैरण्यात माझा हात धरणारा कुणी नाही; मांजरं माझ्याकडं शिकवणीला येतात. हे मी अर्धं आयुष्य सांगत आलो, ते ज्योतिबा वरच्या मजल्यावर राहायला येईपर्यंत. एकदा बायकोच्या सपाता घालून, श्वास कोंडून त्याच्या दारापुढून निघालो, तर आतून त्याची पोरगी तेजश्री म्हणाली, "काका, सपाता काकूंच्या आहेत. पण डावा गुडघा तुमचा वाजतोय, तेल लावा त्याला."

एवढीशी पोर, पण कान असे की पायरी वाजली की माणूस ओळखायची, वर अंगावर ओझं किती तेही सांगायची. शाळेच्या बाईंना हे कळलं नाही, कारण त्याचा पेपर नसतो. कळलं ते तिच्या आत्याला, राजाबाईला.

राजाबाई साताऱ्याकडची. भावजय वारली तेव्हा पोर सांभाळायला आली, ती राहिली. जरा सर्किटच. रागावल्याशिवाय काही सुधारत नाही, हे तिचं शास्त्र. नळाला झापायची, कुकरला झापायची, एकदा माझ्या छत्रीलाही झापलं. आणि गंमत बघा, शिट्टी व्हायची! पोरीचं कौतुक मात्र तोंडातून निघायचं नाही. रोज संध्याकाळी दोघी दाराशी तांदूळ निवडत बसायच्या. खाली मी जिन्यात पाय ठेवला की वर सुरू व्हायचं.

"कोन?"

"रावसाहेब काका. पिशवीत कलिंगड आहे."

"त्यात काय, कलिंगडाचा वास म्या बी घेतला," म्हणून नाक मुरडायची, आणि पोरीच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायची.

त्या दिवशी गूळ संपला होता. ज्योतिबा मार्केटात माथाडी, कांद्याच्या गाळ्यावर. येताना ढेप आण, असं बहिणीनं बजावून पाठवला होता. दिवेलागणीलाच लाइट गेली. दोघींमध्ये चिमणी, उघडं दार, आणि दारापलीकडं विहिरीसारखा काळा जिना. खालच्या कुणाच्या तरी स्टोव्हचा रॉकेलचा वास तेवढा वर येत होता.

पायरी वाजली.

"कोन?"

"बाबा," तेजश्री हसली. मग तिचं हसू जागच्या जागी थांबलं. "आत्या... पाय बाबांचेच आहेत. पण त्यात वजन नाही."

"गूळ इसरला आसंल."

"गुळाचं नाही गं... बाबांचंच नाही."

वाळलं पान वाऱ्यानं पायरी-पायरी वर ढकलावं, तशी पावलं वर आली. उजवी टाच घासायची बाबांची सवय, तीही होती. गोणपाटाचा, कांद्याचा वास आला. दाराबाहेर चपला काढल्याचा आवाज झाला. दारात कुणीच नव्हतं. चिमणीची ज्योत जराही हलली नाही.

राजाबाई उठली, पदर खोचला, आणि नळापुढं उभी राहायची तशी दारापुढं उभी राहिली.

"ज्योत्या, आंग कुठं टाकून आलास?"

तिनं चौकटीला आडवा हात धरला.

"ह्ये घर हाय. हितं आसं रिकामं यायचं न्हाई. पोर वाट बघत बसलीया तुजी... फिर मागं. आन् वजन घिऊन ये. त्याबिगर उंबरा वलांडू देनार न्हाई म्या."

आवाज नेहमीसारखाच खणखणीत. पण आत्याच्या टाचा फरशीवर थडथडत होत्या, हे फक्त तेजश्रीला ऐकू येत होतं.

मग चपला पायात सरकवल्याचा आवाज. पावलं उतरू लागली.

"गेला?"

"खाली... फाटकाशी..." तेजश्रीनं कान दाराकडं केला. "आता नाही येत ऐकू."

आत्यानं तिला ओढून मांडीत घेतलं. असं कधी घेत नसे. "लई कान हायत गं तुला," ती केसांत पुटपुटली. "लावून बस. आला की मला सांग."

लाइट आली. वरण निवून गेलं. कधीतरी खाली टेम्पो थांबला, आणि तेजश्री बाण सुटावा तशी जिन्याकडं धावली. डोक्याला बँडेज, शर्ट फाटलेला, पण धडधाकट ज्योतिबा हसत वर आला. राजाबाईनं भिंतीला पाठ टेकून भलामोठा श्वास सोडला आणि लगेच चहाच्या पातेल्याला झापायला घेतलं.

"थप्पी कोसळली अंगावर," बशीतला चहा फुंकत ज्योतिबा सांगू लागला. "पोत्यांखाली छाती दबली, मग एकदम हलकं हलकं वाटाय लागलं. म्हटलं, चला घरी. जिना चढलो, तर ही आक्का दारात! अशी करवादली, की मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागं फिरलो, तर पोत्यांखाली जाग. बोंब मारली, मग टोळीतल्या हमालांनी ओढून काढलं."

तिघंही हसली. तेजश्री तर डोळे पुसत हसली. गूळ राहिला म्हणून ज्योतिबानं कान पकडले आणि हात धुवायला मोरीकडं गेला.

तेजश्रीची मान त्याच्या पावलांमागं हळूहळू वळली. ती आत्याला खेटली.

"आत्या... बाबांकडं काहीच नव्हतं ना? हात रिकामे होते... पण जिन्यावर दोन माणसांचं वजन पडत होतं, एक बाबांचं, एक दुसऱ्याच कुणाचं. अजून पडतंय."

राजाबाईनं तांदळाचं ताट पुढं ओढलं.

"वजन घिऊन ये म्हनलं, त्यो घिऊन आला. कुनाचं आनायचं, ते म्या कुठं सांगितलं हुतं?"