अकरावा वाडगा

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मी चौतीस वर्षं मापं तपासायचं काम केलं. तुकडा मापात आहे की नाही, एवढंच सांगायचं. त्यामुळे जे मोजता येतं तेवढंच बोलायची सवय लागली. हेही तसंच सांगतो.

माझ्या बायकोला, कुसुमला, जुने वाढायचे वाडगे जमवायचा नाद होता. रविवारी सकाळी ती जुन्या बाजारात जायची आणि मैनुद्दीनच्या पथारीपुढे उकिडवी बसून वाडगे उलटेपालटे करायची. पितळेचे, काशाचे, एनॅमलचे, चिनी मातीचे. घरी आली की बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर आकडा आणि साल लिहायची. मी व्हर्नियरने व्यास मोजून वहीत टिपायचो. ती म्हणायची, "अहो, वाडगा भरायचा असतो. तोफेचा गोळा आहे का मोजायला?"

अकरावा १९७९ साली मिळाला. पांढरा, निळ्या काठाचा, झाकणाचा. कुठल्या तरी गोऱ्या साहेबांच्या मेसमधला असावा. काठाचा एक टवका उडालेला. त्यानंतर तिने बाजार बंद केला. मनासारखा मिळाला म्हणाली.

हा वाडगा आमच्याकडे निम्मा वेळच असायचा. शेजारी नूरबानूभाभी, माझ्याच विभागातल्या मकसूदची बायको. दोन्ही घरांत एकच भिंत. मकसूद गेल्यापासून त्या एकट्याच राहायच्या. कुसुम त्या वाडग्यातून आमटी द्यायची, सणाला शिरा. भाभी त्यातूनच डाळ नाहीतर खीर पाठवायच्या. एकोणीस वर्षांत तो रिकामा इकडून तिकडे गेला नाही. काही नसलं तर चमचाभर साखर तरी. साडेअकराला कुसुम पळीच्या दांड्याने भिंतीवर ठोकायची. तीन ठोके, जरा थांबून एक. म्हणजे वाडगा येतोय, दार उघडा.

कुसुम नव्व्याण्णवच्या जानेवारीत गेली. तिसऱ्या दिवशी भाभींनी त्याच वाडग्यातून खिचडी आणली. मी तो घासला, पुसला आणि तसाच परत दिला. सुतकात घरातलं काही कुणाला द्यायचं नाही, एवढं मला ठाऊक होतं. भाभींनी झाकण उचलून आत पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

त्यानंतर वाडगा आला नाही. जिन्यात भेटल्या तर पदर सावरून पुढे जायच्या. रिकामं भांडं हातात दिलं म्हणजे येणं-जाणं संपलं, हे माझ्या ध्यानात यायला पंधरा दिवस लागले. तोवर उशीर झाला होता. कुसुमने एकोणीस वर्षं सांभाळलेलं घर मी एका सकाळी तोडलं होतं, आणि ते कसं सांधायचं हे मला येत नव्हतं. चार वेळा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

मुलगा यज्ञेश्वर वारज्याला असतो. तो म्हणाला, बाबा, चहा-टोस्टवर किती दिवस काढणार? ती भांडी विका, घर बंद करा, इकडे या. मी हो म्हणालो. मैनुद्दीनला निरोप धाडला.

मार्चमधल्या एका सोमवारी मी वही काढून फळीवरचे दहा वाडगे पडताळायला घेतले. ओळीच्या टोकाला अकराव्याची जागा रिकामी होती. लाकडावर त्याच्या बुडाचा गोल डाग. पहिला वाडगा उचलला आणि खाली ठेवला. तो कोमट होता. बाकीचे नऊ गार. साडेअकरा वाजले होते. बारापर्यंत तोही गार झाला.

मंगळवारी त्याच वेळी दुसरा कोमट लागला. पहिला गार.

ऊन येत असेल म्हणून बुधवारी खिडकी लावून घेतली आणि सगळ्यांच्या जागा बदलल्या. तिसऱ्या आकड्याचा वाडगा मुद्दाम कोपऱ्यात, पाण्याच्या माठाशेजारी ठेवला. साडेअकराला तोच कोमट झाला. तापाचा थर्मामीटर आत टेकवला. पारा अठ्ठ्याण्णवावर थांबला. माणसाच्या अंगाइतका. झटकून बाकीच्या वाडग्यांत टेकवला तर पारा हललाच नाही.

गुरुवारी मैनुद्दीन आला. जुना माणूस, दाढी पांढरी झालेली. कुसुमबद्दल हळहळला. मग एकेक वाडगा हातात घेऊन बघू लागला. चौथा घेतला आणि थांबला.

"काका, आत्ताच जेवलात का यातून?"

नाही म्हणालो. त्याने वाडगा दोन्ही हातांनी जागेवर ठेवला आणि तळवे सदऱ्याला पुसले. पुढच्या गुरुवारी दुपारी टेम्पो घेऊन येतो, तोवर विचार करा, असं म्हणून चहा न पिताच गेला.

शुक्रवारी पाचवा. शनिवारी सहावा. मी वहीत वेळ आणि पारा लिहीत राहिलो. भीती वाटली का, तर नाही. उलट अकरा वाजले की मी दाढी करून, धुतलेला सदरा घालून फळीसमोर खुर्चीवर बसायला लागलो. बुधवारी दहावा झाला. आता पुढे काय, कारण अकरावा तर भिंतीपलीकडे होता.

गुरुवारी सव्वाअकराला मी सगळे वाडगे चाचपले. दहाही गार.

साडेअकराला रिकाम्या जागेवर हात ठेवला.

लाकूड कोमट होतं. फक्त गोल डागापुरतं. बोटभर बाजूला गार.

मी उठलो आणि रवा भाजायला घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. गुठळ्या झाल्या, खाली थोडा लागलाही. दहाव्या वाडग्यात शिरा काढला, वर ताटली झाकली, घराला कुलूप लावलं आणि शेजारचं दार वाजवलं.

भाभींनी दार उघडलं.

"वाडगा रिकामा दिला, ते चुकलं माझं," मी म्हणालो. "सुतक होतं. मला दुसरं काही म्हणायचं नव्हतं."

त्यांनी ताटली उचलून शिऱ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग बाजूला झाल्या.

"श्रीधरभाऊ, ते मी कधीच सोडून दिलं. पण हे काय चालवलंय तुम्ही? दहा दिवस रोज साडेअकराला भिंतीवर ठोकता. मी दार उघडून उभी. कुणी नाही. डाळ गार होऊन जाते."

मी म्हणालो, मी ठोकलेलं नाही.

"मग कोण ठोकतंय? कुसुमताईंसारखंच. तीन आणि एक."

आत टेबलावर निळ्या काठाचा वाडगा झाकून ठेवलेला होता. त्यांनी झाकण उचललं. डाळीतून वाफ आली.

"रोज भरून ठेवते," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात भिंतीवर वाजलं. तीन. जरा थांबून एक.

आवाज माझ्या घरातून आला. किल्ली माझ्या खिशात होती.

भाभींनी शिरा आपल्या पातेल्यात काढून घेतला. रिकाम्या झालेल्या दहाव्या वाडग्यात चिमूटभर साखर टाकली. मग निळ्या काठाचा वाडगा माझ्या हातात दिला.

"जा. वाट बघताहेत. आणि उद्या रवा मंद आचेवर भाजा."

जिन्यात मैनुद्दीन भेटला. खाली टेम्पो उभा होता. माझ्या हातातले दोन वाडगे बघून तो समजला. "भरलेले विकायचे नसतात," म्हणाला आणि उतरून गेला.

मी कुलूप उघडलं. वाडगा त्याच्या डागावर ठेवला. बरोबर बसला. यज्ञेश्वरला फोन करून सांगायचं ठरवलं, की मी इथेच राहतो. मग ताट घ्यायला वळलो.

खिळ्याला टांगलेली पळी हलत होती. पंखा बंद होता.

मी ती हाताने थांबवली. दांडा कोमट होता. चार बोटं आणि अंगठा मावेल एवढाच.