दोन्ही टोकांना धरलेली तार

जमीन हलली तेव्हा मोरॅग तळघरातल्या प्रयोगशाळेत एकटी होती, आणि दार ढकलून एक अनोळखी तरुण आत येत होता. वेलिंग्टनमध्ये अशा वेळी आधी ओळख करून घेत नाहीत, टेबलाखाली घुसतात. दोघंही एकाच टेबलाखाली घुसले.

"मी राविरी," तो गुडघे हनुवटीला लावून म्हणाला. "वरच्या मजल्यावर गणितं करतो. खाली कोणाचं मोजमाप चुकतंय, ते बघायला आलोय."

"माझंच. हलू नकोस—"

"मी कुठे हलतोय? जमीन हलतेय."

मोरॅगचा जीव टेबलावरच्या पेटीत अडकला होता. त्या पेटीत चांदीची एक तार होती, केसाहून हजारपट बारीक. तिच्या थरथरण्यावर मोरॅगची पदवी टांगलेली होती. तार वरून आलेल्या गणितापेक्षा फार चढ्या स्वरात थरथरत होती, आणि उद्या ते आकडे तिच्या मार्गदर्शक ग्वेंडाबाईंना दाखवायचे होते. चुकलेल्या आकड्यांवर ग्वेंडाबाई ओरडत नसत. नुसत्या बघत. लोक शहर सोडून जात.

"भूकंपाने मोडलं तर केक कोण आणतं?" राविरीने विचारलं. जो काही मोडेल त्याने केक आणायचा, हा एकच नियम तिथे सगळे पाळत.

"जवळ असेल तो."

"मग मी जरा सरकतो."

पण तो सरकला नाही. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागून थरथरत होता... जमीन थांबल्यावरही.

"तू बघ," मोरॅग डोळे मिटून म्हणाली. "मला भीती वाटते."

तो उठला. पेटीवर वाकून बघू लागला.

"गेली?"

"आहे. पण... हिचं दुसरं टोक मोकळं का नाही?"

"कधीच नव्हतं. दोन्हीकडून धरलंय."

राविरीचा चेहरा उतरला. "मी एक टोक मोकळं समजलो. कोणाला विचारलंच नाही."

"म्हणून एवढा फरक?"

"इतक्या बारीक तारेत आतलं कमी, कातडीच जास्त. ती कातडी सारखी आकसायला बघते. टोक मोकळं असलं तर तार जराशी आखडते, ताण सुटतो. दोन्हीकडून धरलं, तर आखडणार कुठे? ताण राहतो... आणि स्वर चढतो."

"म्हणजे मी बरोबर?"

"म्हणजे केक मी आणायचा. गणित माझं मोडलं."

दुसऱ्या दिवशी ग्वेंडाबाई आकडे बघून "हं" म्हणाल्या. इतकं कौतुक त्यांनी आजवर कोणाचं केलं नव्हतं. राविरीचा केक मधोमध खचला होता, तरी सगळ्यांनी खाल्ला.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा ट्रे घेऊन दारात उभा राहिला. फिजोआ या तिथल्या आंबटगोड फळाचा केक, या वेळी फुगलेला. मोरॅग आधी पेटीकडे धावली. तार शाबूत होती.

"काय मोडलंस?"

"अजून काही नाही," तो म्हणाला. "पण आता तुला जे विचारणार आहे ना... त्याने मोडू शकतं. म्हणून आधीच आणलाय."

त्याच्या हातातला ट्रे थरथरत होता. जमीन अगदी स्थिर होती.

मोरॅगला पळून जावंसं वाटलं. तिने पुढे होऊन ट्रेचं दुसरं टोक धरलं.

थरथर थांबली नाही. उलट, जराशी चढलीच.